नागली, नाचणी की रागी? इंदिरानगरातल्या पापडांच्या हॅशटॅगचं प्रकरण

माझं काम छपाईचं. स्टिकर, लेबलं, लग्नपत्रिका, अधूनमधून एखाद्या दुकानाची पाटी. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्याच बिल्डिंगमधल्या वहिनी पापडाच्या पाकिटावर लावायच्या स्टिकरचं प्रूफ बघायला आल्या, सोबत अकरावीतली लेक. प्रूफ दोन मिनिटांत पसंत पडलं. मग लेकीने फोन पुढे केला. "काका, या फोटोला चारशेच्या वर लाइक आलेत. ऑर्डर एक नाही. असं का?"

मी मार्केटिंग शिकलेला माणूस नाही. पण ज्यांची लेबलं छापतो त्यांच्या इन्स्टाग्रामकडेही बघायची वेळ हल्ली येतेच. हे प्रकरण पुढचे दोन हंगाम मी जवळून पाहिलं, म्हणून सविस्तर लिहितो. वहिनींना विचारून लिहितोय, त्यांचं आणि ब्रँडचं नाव गाळून.

धंदा असा. नाशिकच्या इंदिरानगरातली गच्ची, फेब्रुवारी ते मे, मदतीला तीन बायका. मुख्य माल नागलीचे पापड, जोडीला कुरडया, तांदळाच्या पापड्या आणि ज्वारीच्या बिबड्या. नागली जिल्ह्यातल्याच पेठ-सुरगाण्याकडच्या ओळखीच्या शेतकऱ्यांकडून येते. गिऱ्हाईक सगळं तोंडोतोंडी मिळालेलं: बिल्डिंग, भिशी, माहेरची माणसं आणि नोकरीपायी पुण्या-ठाण्याला गेलेले नाशिककर. एवढ्यावर दरवर्षी मे अखेर डबे रिकामे व्हायचे.

गडबड झाली ती २०२३ मध्ये. संयुक्त राष्ट्रांनी ते आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष जाहीर केलं होतं, तेही भारताच्या प्रस्तावावरून. जिकडेतिकडे नागलीचं कौतुक. वहिनींनी चौथी बाई लावली, माल वाढवला, आणि पावसाळा आला तरी डबे भरलेलेच. कौतुक करणारे वेगळे आणि पाकीट विकत घेणारे वेगळे, हे तेव्हा लक्षात आलं नाही. लेक म्हणाली, इन्स्टाग्राम उघडू. कोणा ओळखीच्याने दीड हजार रुपयांत तिला ‘व्हायरल लिस्ट’ विकली होती: तीस हॅशटॅग, म्हणजे # चिन्ह लावलेले शब्द, प्रत्येक पोस्टखाली चिकटवायचे. इन्स्टाग्रामची मर्यादा वर्षानुवर्षं तीसची होती. तिने ती काठोकाठ भरली. वाळवणाच्या चादरीवर इंचभर जागा सोडायची नाही, तशी.

यादीत होतं काय

रद्दीतल्या प्रूफाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही तिघांनी ती यादी उतरवून काढली. फोनवर बघताना ती ठीक वाटत होती, पेनाने लिहिल्यावर हसू यायला लागलं.

दहा-बारा टॅग जगभराचे: लव्ह, इन्स्टागुड, फोटो ऑफ द डे. तिथे मिनिटामिनिटाला इतके फोटो पडतात की आपला पापड दिसायच्या आत गाडला जातो. पाच-सहा ‘मला फॉलो करा, मी तुम्हाला करतो’ या जातीचे. चारशे लाइकांचा उगम इथे सापडला. लाइक करणाऱ्यांची नावं उघडून पाहिली तर त्यात नखं रंगवणारे, क्रिप्टो विकणारे, आणि ‘आमच्या पेजवर प्रमोट करा’ म्हणणारे. पापड खाणारं कुणी दिसेना. चार टॅग दिल्ली-मुंबईच्या खाऊगल्ल्यांचे. तीन वजन उतरवण्याचे आणि मधुमेह बरा करण्याचे. त्यावर पुढे बोलतो, कारण ते प्रकरण नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

नागलीचा उल्लेख फक्त एका ठिकाणी होता आणि तोही मोडलेला. लेकीने विकतच्या यादीतला एक टॅग काढून त्या जागी स्वतःचा घातला होता: ‘#नागलीचे पापड’. हॅशटॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही, जिथे जागा पडली तिथे टॅग संपतो. म्हणजे यंत्राच्या लेखी टॅग झाला फक्त ‘#नागलीचे’. नागलीचे काय, ते त्याला कळायचं कारण नाही. जोडरेघ टाकली तरी तसंच. जोडायचंच असेल तर शब्द सलग लिहावे नाहीतर खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर, वापरावी.

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, हे डब्यावरच्या चिठ्ठीसारखं आहे ना? डब्यात शेवया आणि चिठ्ठी शेंगदाण्याची. मग शोधणारा डबा उघडेलच कशाला?"

यापेक्षा चांगली व्याख्या मला नंतरही कुठे मिळाली नाही. हॅशटॅगचा जन्मही चिठ्ठीसारखाच आहे. २३ ऑगस्ट २००७ रोजी क्रिस मेसिना यांनी ट्विटरवर सुचवलं की गटाच्या नावाआधी # हे चिन्ह लावलं तर एका विषयावरचं बोलणं एकत्र सापडेल. उदाहरण दिलं होतं बारकॅम्प या तंत्रवेड्यांच्या संमेलनाचं. हेतू सगळा वर्गवारीचा. इन्स्टाग्रामवर तो २०११ मध्ये आला, फेसबुकवर २०१३ मध्ये, आणि मधल्या काळात कधीतरी लोकांनी त्याला भोंगा समजायला सुरुवात केली. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी गेली काही वर्षं वारंवार सांगतायत की हॅशटॅगने पोस्ट कशाबद्दल आहे ते कळायला मदत होते, पण पोच काही फारशी वाढत नाही. इन्स्टाग्रामनेच २०२१ मध्ये तीन ते पाच टॅग वापरायचा सल्ला दिला होता. तरी तीसच्या याद्या विकल्या जात होत्या, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये एक विकत घेतलीही गेली होती.

शब्द कुणाचा?

आता चिठ्ठी लिहायची तर त्यावर काय लिहायचं? इथे आम्ही पंधरा दिवस अडकलो. माझ्या मते या प्रकरणातला खरा गाभा हाच आहे.

नाशिकात आणि खान्देशात आपण ‘नागली’ म्हणतो. पुण्याकडे, कोकणात ‘नाचणी’. मुंबईतली पंचविशीची मुलगी दुकानात ‘रागी’ मागते, कारण बिस्किटाच्या पुड्यावर तिने तेच वाचलेलं असतं. धान्य एक, गिऱ्हाइकं तीन. वहिनींचा आग्रह ‘नागली’चा. "आपला शब्द आपणच सोडला तर कसं?" लेकीचं म्हणणं, पुण्याची मावशी ‘नागली’ शोधणारच नाही. दोघींचंही बरोबर.

मी एक उपाय सुचवला, साधा आणि जुना. वही. फोनवर, व्हॉट्सॲपवर किंवा दारात कुणीही चौकशी केली की त्या माणसाचं पहिलं वाक्य जसंच्या तसं लिहायचं, आणि ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ हे विचारायचंच. तीन आठवड्यांनी वही बघितली तर चित्र स्वच्छ होतं. नाशिककर, मग ते इथले असोत की ठाण्यात राहणारे, ‘नागलीचे पापड आहेत का’ असंच विचारत होते. बाकीचे ‘नाचणी’. ‘रागी’ म्हणणारे दोघंच, आणि त्यांना पापड नको होते, पीठ हवं होतं!

वहीने आणखी एक गोष्ट सांगितली जी आम्हाला सुचली नसती. व्हॉट्सॲपवर बहुतेक लोक मराठीच लिहितात, पण इंग्रजी अक्षरांत. म्हणजे शोधतानाही बहुधा तसंच शोधत असणार. मग आणखी एक घोळ: इंग्रजीत नाशिक लिहायचं कसं? ‘एच’ घालून की ‘एच’ गाळून? जुन्या कागदपत्रांत, पाट्यांवर एच नसलेलं रूप भेटतं, नवे लोक एच घालतात. लेकीने दोन्ही टॅग उघडून पाहिले आणि एच नसलेल्या टॅगमध्ये मुंडू नेसलेल्या मुलांचे ढोलाचे व्हिडिओच व्हिडिओ. तिला काही कळेना. नाशिक ढोल केरळात फार लोकप्रिय आहे, तिथली पथकं लग्नात, उत्सवात तो वाजवतात, आणि आपल्या गावाचं नाव तिकडे वाद्याचं नाव झालंय. आपल्या पापडाला केरळातल्या एका ढोलपथकाने लाइक का केलं होतं त्याचा उलगडा असा झाला.

त्यावरून आम्ही एक चाचणी ठरवली. कुठलाही टॅग वापरायच्या आधी तो उघडायचा आणि वरचे नऊ फोटो बघायचे. त्या फडताळात आपलं पाकीट ठेवलं तर शोभेल का? वजन उतरवण्याच्या टॅगात जिममधले दंड होते. ‘नाशिक’ या टॅगात द्राक्षमळे, वायनरी, रामकुंड, मिसळ, त्र्यंबकेश्वरच्या पूजेच्या जाहिराती, फ्लॅट विकणारे. गर्दी आहे, पण गाव आपलं आहे. ठेवला. ‘उन्हाळी वाळवण’ सलग लिहून उघडला तर गच्च्या, चादरी, कुरडयांचा सोऱ्या. वहिनींनी फोन हातात घेतला आणि वीस मिनिटं परत दिला नाही.

मराठीपुरती एक अडचण कुठल्याही इंग्रजी मार्गदर्शनात सापडत नाही ती इथेच सांगून टाकतो. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतात. नाशिकचा, नाशिकला, नाशिकमध्ये, नाशिककर. यंत्र अक्षरं जुळवून बघतं, व्याकरण नाही, त्यामुळे प्रत्येक रूप म्हणजे वेगळा डबा. वाक्यातल्या शब्दालाच हौसेने चिन्ह लावलं की ‘#नाशिकच्या’ असा टॅग तयार होतो, ज्यात दुसरं कुणी शोधायला जाणार नाही. म्हणून टॅगमध्ये मूळ शब्द, प्रत्यय नाही. वाक्यात हवं तसं लिहा. ह्रस्व-दीर्घाचंही तेच: ‘नाशीक’ हा निराळा डबा, आणि तो जवळपास रिकामा.

मग काय केलं

आधीच्या पोस्टवर मजकूर असा: ‘हेल्दी अँड टेस्टी!’ आणि खाली तीस टॅग. कुठे मिळतं, किती ग्रॅम, कुणाला विचारायचं, काहीच नाही. टॅगांच्या गर्दीत मुख्य गोष्ट राहून गेली होती.

नवा मजकूर वहिनींनी बोलून दाखवला, लेकीने टाइप केला: ‘नागलीचे (नाचणीचे) पापड, गच्चीवर उन्हात वाळवलेले. तीळ-जिरं घालून. पाव किलो आणि अर्धा किलो पाकीट. इंदिरानगरातून घेऊन जा, नाशिकमध्ये घरपोच, पुणे-ठाण्याला कुरिअर.’ खाली पाच टॅग: नागलीपापड, नाचणीपापड, उन्हाळीवाळवण, नाशिक आणि पाचवा ब्रँडच्या नावाचा. इथे मी सगळं देवनागरीत लिहितोय, प्रत्यक्षात पाचातले दोन इंग्रजी अक्षरांत होते आणि नाशिक ‘एच’ घालून. फोटोला जागेची खूण इंदिरानगरची. प्रोफाइलच्या नावातही ‘नागली पापड, नाशिक’ घातलं, कारण शोधताना नाव आणि ओळखीच्या ओळी दोन्ही बघितल्या जातात. टॅग कमेंटमध्ये लपवायची एक फॅशन होती, तीही सोडली. शोधात सापडायचं तर शब्द आणि टॅग मजकुरातच असावेत, असं इन्स्टाग्रामनेच ऑगस्ट २०२१ मध्ये लिहिलं होतं.

पहिले दोन आठवडे लाइक धाडकन खाली आले. चारशेवरून तिशी-चाळिशीवर. लेक हिरमुसली, मैत्रिणींनी विचारलं अकाउंट ‘डाउन’ झालं का. मलाही वाटलं आपण उगाच नाक खुपसलं. तिसऱ्या आठवड्यात गंगापूर रोडवरून एक मेसेज आला, कुरडया आहेत का म्हणून. मग सिडकोतून एक. मग ठाण्याहून एका बाईंचा: माहेर पंचवटीतलं, ‘नागली’ हा शब्द बघूनच थांबले, म्हणाल्या. वहिनींनी तो मेसेज सासूबाईंना वाचून दाखवला.

इथे थांबून मी यश हॅशटॅगच्या नावावर लिहून मोकळा होऊ शकतो, पण वही तसं म्हणत नाही. मे अखेर माल संपला हे खरं. त्यातल्या बहुतेक ऑर्डर पूर्वीसारख्याच आल्या, बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून, नातेवाइकांकडून. ‘इन्स्टावर शोधून सापडलात’ अशा ओळी दोन हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शिवाय एप्रिल-मे महिना वाळवणाचाच. टॅग नसते तरी त्या दिवसांत विक्री वाढलीच असती. त्या वर्षी वहिनींनी मालही बेताचाच केला होता. कशाचा वाटा किती, हे वेगळं काढणं मला जमलेलं नाही.

एक गोष्ट मात्र वहीत पुन्हा पुन्हा आली आणि ती आमच्या हिशोबात नव्हती. ‘अमुक काकूंनी सांगितलं, मग इन्स्टावर बघितलं, मग ऑर्डर दिली.’ म्हणजे ओळख तोंडोतोंडीच झाली, पण पैसे पाठवायच्या आधी माणूस एकदा डोकावून खात्री करत होता. अशा वेळी ब्रँडच्या नावाचा टॅग कामाला आला. लेकीने पाकिटात चिठ्ठी टाकली होती, ‘तळून झाले की फोटो टाका आणि हा टॅग लावा.’ लोकांनी टाकले! कुणी आमरसाच्या ताटात, कुणी खिचडीशेजारी, आणि देवळालीतल्या एका कुटुंबाने मुलीच्या रुखवतात पापडांची उतरंड मांडून. नवं गिऱ्हाईक तो टॅग उघडायचं आणि अनोळखी घरांत आपले पापड बघायचं. तीस टॅगांची यादी हे कधीच करू शकली नसती.

दोन चुका आणि एक मोह

पहिली चूक मधुमेहाची. जुन्या पोस्ट आम्ही दुरुस्त केल्या नव्हत्या, आणि एका आहारतज्ज्ञ बाईंनी मेसेज करून झापलं: पापडाने मधुमेह बरा होतो असं तुम्ही कुठल्या आधारावर लिहिता? लेक म्हणाली, आम्ही लिहिलं नाही, नुसता टॅग आहे. बाई म्हणाल्या, टॅग म्हणजे लिहिणंच. त्यांचं शंभर टक्के बरोबर. नागलीत शंभर ग्रॅममागे तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, हे खरं आणि सांगण्यासारखं आहे. पण खाद्यपदार्थ आजार बरा करतो असा दावा जाहिरातीत करता येत नाही, अन्नसुरक्षा कायदा आणि त्याखालचे २०१८ चे जाहिरात-दाव्यांचे नियम त्याला आडवे येतात. पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक छापायचा आणि फोनवर वैद्य व्हायचं, हे जुळत नाही. शिवाय पापडात मीठ आणि पापडखार आहे, तो आपण तळतो. त्याच रात्री बसून सगळ्या जुन्या पोस्ट साफ केल्या.

दुसरी चूक २०२५ च्या हंगामातली. शहरातल्या खाण्यापिण्यावर व्हिडिओ करणाऱ्या एका मुलाला पाच पाकिटं फुकट दिली. त्याने छान व्हिडिओ केला, खाली वीसेक टॅग आणि त्यांच्या शेपटीला कुठेतरी ‘कोलॅब’. पैसे दिले नाहीत, मग जाहिरात कशी, असं आम्हाला वाटलं. पण जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन परिषदेची, म्हणजे ॲस्कीची, २०२१ पासूनची मार्गदर्शक तत्त्वं फुकट मिळालेल्या मालालाही देणंघेणंच मानतात, आणि ते सांगणारा शब्द टॅगांच्या ढिगात पुरायचा नाही असंही म्हणतात. मुलाला सांगितलं, त्याने कुरकुर न करता सुरुवातीलाच लिहिलं. व्हिडिओ बघणाऱ्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

मोह कुंभमेळ्याचा. जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रयागराजचा मेळा भरला होता आणि फोनवर दुसरं काही दिसत नव्हतं. लेकीने आम्हाला न विचारता तीन पोस्टना कुंभाचा टॅग लावला. बघणारे वाढले, भरपूर वाढले. चौकशाही आल्या: ‘संगमावर तुमचा स्टॉल कुठल्या सेक्टरला?’ वहिनींनी प्रत्येकाला हिंदीत उत्तर दिलं की आम्ही नाशिकला असतो. आता २०२७ चा सिंहस्थ आपल्याच दारात येतोय, तेव्हा हा टॅग लावावा का यावर घरात दोन पक्ष आहेत. माझं मत विचारलं तर मी म्हणतो, त्या दिवसांत इंदिरानगरातून पंचवटीत पाकीट पोचवता येईल का ते आधी बघा.

डिसेंबर २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने हॅशटॅग फॉलो करायची सोयच काढून टाकली. २०१७ च्या डिसेंबरात ती आली होती, सात वर्षं चालली. ‘उन्हाळी वाळवण’ फॉलो करून बसलेल्या काही जणी वहिनींपर्यंत तशा पोचल्या होत्या, तो रस्ता बंद झाला. म्हणून दुसऱ्या हंगामात लेकीने टॅग आणखी कमी केले, तीनावर आणले, आणि वेळ मजकुरावर घालवला. एका पोस्टमध्ये तिने उकड कशी काढतात ते लिहिलं, एकीत पेठहून नागली येते त्या दिवसाबद्दल. चौकशा कमी झाल्या नाहीत. लाइक मोजायचं तिने कधी सोडलं ते मला कळलं नाही.

या वर्षीच्या स्टिकरच्या प्रूफावर मी कोपऱ्यात ब्रँडचा हॅशटॅग छापला होता. वहिनींच्या सासूबाईंनी चष्मा लावून प्रूफ बघितलं आणि विचारलं, "हा फुली-गोळ्याचा चौकोन कशाला काढलाय?" लेकीने समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, राहू दे, पण ‘नागली’ त्याच्यापेक्षा मोठं छाप. मोठ्या अक्षरात नागली, खाली लहान अक्षरात नाचणी, असं ठरलं. ‘रागी’वर अजून एकमत नाही, ते दोन पीठवाले गिऱ्हाईक या वर्षीही विचारून गेलेत. स्टिकर अडीच हजार छापायचे आहेत आणि मी सोमवारपर्यंत थांबलोय.